मोटारीचें तेल आणि पाथरीचा उन्हाळा

वैशाखांत पाथरीस पारा चाळीस अंशांवर चढला, कीं पेट्रोलच्या मोटारीचा मालक दुकानांत हटकून दाट तेल मागतो. ऊन कडक, तेव्हां तेल जाड हवें, हा तर्क एके काळीं बरोबर होता; बहुश्रेणी तेलें रूढ होण्यापूर्वीं उन्हाळ्याचें व हिवाळ्याचें तेल निराळेंच असे. परंतु तापलेल्या इंजिनास बाहेरच्या उन्हाची फारशी ओळख नसते. थर्मोस्टॅट त्यांतील पाणी पौषांत काय, वैशाखांत काय, सामान्यतः 90 अंशांच्या आसपास राखतो.

डब्यावरील ‘5डब्ल्यू-30’ मधील पहिला आंकडा थंडींतील वाहतेपणाचा, दुसरा 100 अंशांवरील दाटपणाचा. नव्या इंजिनांतील तेलाच्या वाटा अरुंद. कित्येकांत झडपांची वेळ बदलण्याचें कामही तेलाच्या दाबानेंच चालतें. तेथें 20डब्ल्यू-50 ओतलें, तर सकाळीं चावी फिरवितांच तें वरपर्यंत पोंचण्यास उशीर होतो, आणि बरीचशी झीज नेमकी तेव्हांच होते. शिवाय पेट्रोलही अधिक जळतें. जुन्या, तेल पिणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तिला थोडें दाट तेल मानवतें.

दुकानदाराचा सल्ला फुकट मिळतो खरा. पण योग्य अंक मोटारीच्या पुस्तिकेंत छापलेला असतो, आणि ती बहुधा कप्प्यांत न उघडतां पडलेली असते. उष्ण हवेसाठीं तींत निराळा अंक दिला असेल, तर पाथरीकरानें तोच घ्यावा.