एकाच खाणीत शिसं भरपूर, दुसरीत जवळपास नाहीच. असं का?

तुम्ही आत्ता ज्या फोनवर हे ऐकताय, त्यात तांबं आहे. जगातलं थोडं तांबं आणि बरंचसं जस्त अशा खडकांतून येतं, जे कधीकाळी समुद्राच्या तळाशी, ज्वालामुखींच्या शेजारी तयार झाले.

ते कसं, हे १९७९ मध्ये डोळ्यांनी दिसलं. पॅसिफिक महासागरात 'ॲल्विन' या पाणबुडीतून शास्त्रज्ञांनी तळावरच्या काळा धूर ओकणाऱ्या चिमण्या पाहिल्या. तो खरा धूर नव्हताच. समुद्राचं पाणी भेगांतून खाली जातं, तापतं, खडकातले धातू विरघळवतं आणि साधारण ३५० अंशांवर परत उसळतं. वरचं पाणी थंडगार. त्यामुळे धातू आणि गंधक मिळून लगेच खाली बसतात. झाला साठा तयार!

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, मग इथे असे साठे का नाहीत? कारण तो लाव्हा जमिनीवर वाहिला. वर समुद्रच नव्हता.

आता गंमत बघा. कृती तीच, पण काळाप्रमाणे माल बदलत गेला. कॅनडातली किड क्रीक खाण सुमारे २७० कोटी वर्षं जुनी. तिथे तांबं आणि जस्त भरपूर, शिसं मात्र अगदी कमी. जपानमधले 'कुरोको', म्हणजे 'काळं खनिज', जेमतेम दीड कोटी वर्षांचे. त्यात शिसंही आहे आणि बराइटही.

शिसं खंडांच्या कवचात जास्त साठतं. युरेनियम आणि थोरियमचं विघटन होऊनही ते हळूहळू वाढतं. किड क्रीकच्या काळात खंड अजून घडत होते. कुरोकोच्या खाली मात्र जुनं, मुरलेलं कवच होतं. म्हणजे नुसतं वय बघून चालत नाही. सायप्रसचे साठे फक्त ९ कोटी वर्षांचे, पण खाली सागरी कवच, म्हणून तिथे शिसं नगण्य.

आणि बराइट? त्याला पाण्यात सल्फेट लागतं. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन वाढायला लागला, त्यानंतर समुद्रात सल्फेट हळूहळू वाढत गेलं. म्हणजे या दगडांत त्या काळच्या समुद्राची नोंद आहे.

हा कारखाना आजही चालू आहे. हिंदी महासागरात अशा साठ्यांचा शोध घेण्यासाठी भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय करार केलाय. पण याच महासागरातल्या गरम झऱ्यांपाशी एक गोगलगाय राहते, तिच्या पायावर लोहयुक्त खवले असतात. खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली.

थंड झालेल्या जुन्या साठ्यातून तांबं काढणं वेगळं, जिवंत झऱ्याला हात लावणं वेगळं. फोन तर आपल्या सगळ्यांनाच हवाय. मग रेघ कुठे ओढायची? तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!