रिटायर बाबा झाले, आई नाही

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना घातलेला घोळ थोडा कमी केलाय, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग पुण्याच्या खोलीतून नाही, गावातून रेकॉर्ड करतोय. मागे कौलांवर पाऊस वाजतोय, तो एडिट करून जाणार नाही, तेव्हा सांभाळून घ्या. गाव पाली. बल्लाळेश्वराची नव्हे हां, ती रायगडातली. प्रत्येकाला हे सांगावं लागतं. ही रत्नागिरीची पाली, मुंबई-गोवा हायवेवरची, जिथून कोल्हापूरचा रस्ता फुटतो ती.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे मेसेज येतात की लवकर रिटायर होण्याबद्दल बोल. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची, गावाला घर बांधायचं, सकाळी चहा घेऊन ओटीवर बसायचं. मी तेहतीसचा आहे आणि माझ्या लॅपटॉपवर 'पाली ४५' नावाची एक्सेल शीट आहे. गेली चार वर्षं दर महिन्याला भरतोय. तिच्याबद्दल बोलायचंच आहे, पण आधी बाबांबद्दल बोलतो, कारण आमच्या घरात हा प्रयोग एकदा होऊन गेलाय.

बाबा मुंबईत एमटीएनएलमध्ये होते. २०१९च्या शेवटी बीएसएनएल आणि एमटीएनएलची व्हीआरएस आली. पन्नाशी पूर्ण केलेल्यांना अर्ज करता येत होता. दोन्ही कंपन्या मिळून ९२ हजारांहून जास्त माणसं ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी रिटायर झाली. त्यात बाबा एक. वय त्रेपन्न. आमच्याकडे तेव्हा सगळे म्हणत होते, नशीबवान आहेस, हातपाय चालतायत तोवर सुटलास.

बाबांचं 'कुठे' आधीच ठरलेलं होतं. कोकणातल्या चाकरमान्याला हा प्रश्न पडतच नाही. गिरणीत असो, गोदीत असो की टेलिफोनमध्ये, मुंबईत राहायचं ते रिटायर होईपर्यंत आणि मग गावाला. पण प्रत्यक्षात किती जण परत येतात? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, उलट जवळजवळ ८० हजारांनी कमी झाली. आमच्याच वाडीत कुलूप लागलेली घरं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. गणपतीला उघडतात, नंतर बंद.

बाबा मात्र खरंच आले. मार्चमध्ये आईला घेऊन डोंबिवलीहून निघाले आणि दहा दिवसांत लॉकडाऊन लागला. पहिलं वर्ष त्यामुळे कळलंच नाही. सगळं जगच घरी बसलेलं, त्यात हे दोघं गावाला, अंगणात, मोकळ्या हवेत. मी पुण्यात वन-बीएचकेमध्ये अडकलेलो, व्हिडिओ कॉलवर फणस बघायचो आणि शीट भरायचो. तेव्हाच सुरू केली ती.

दुसऱ्या वर्षी आई बोलली. मी गणपतीला आलो होतो. घरात अठरा माणसं. आई चुलीपुढे, पहाटे पाचपासून. रात्री भांडी आवरताना मी काहीतरी म्हणालो, मस्त आहे ना गं इथे. ती म्हणाली, "रिटायर तुझे बाबा झाले. मी नाही."

बस, एवढंच म्हणाली. भांडण नाही, काही नाही. पण मला ते झोंबलं. डोंबिवलीत आई पोळी-भाजीचे डबे द्यायची, बारा-तेरा गिऱ्हाइकं होती. दुपारी दोनला ती मोकळी व्हायची. गुरुवारी भजनी मंडळ, समोरच्या काकूंबरोबर बाजार. स्वतःचे पैसे होते. पालीत आल्यावर डबे बंद, मंडळ बंद आणि काम दुप्पट. सासूबाईंचं पथ्य, मे महिन्यात येणारे पाहुणे, शिमगा, गणपती, पावसाआधी कौलं चाळून घ्यायला आलेल्या गड्यांचा चहा. बाबांना जे सुटका वाटत होतं, त्यात तिला विचारलंच नव्हतं कोणी. मीही नाही. मी तर टाळ्या वाजवत होतो.

आता शीटकडे येतो. इंटरनेटवर तुम्हाला पहिल्यांदा भेटतो तो चार टक्क्यांचा नियम. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये मांडला. साठवलेल्या रकमेतून पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पैसे हवेत. महिना ५० हजार खर्च धरला तर वर्षाचे ६ लाख, गुणिले २५, दीड कोटी. मी पण हेच धरलं होतं.

गडबड कुठे आहे? बेंगेनचे आकडे अमेरिकेच्या बाजाराचे आणि हिशोब ३० वर्षांचा. पंचेचाळीसला थांबलात तर पंचाहत्तरीला तो हिशोब संपतो. माझी आजी ८४ वर्षांची आहे आणि परवा तिने मला आंब्याच्या साठांवरून ओरडा दिला. आणि आपली महागाई बघा. ६ टक्के धरली तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. पंचेचाळीसला ५० हजार, सत्तावन्नला १ लाख, एकोणसत्तरला २ लाख, एक्याऐंशीला महिना ४ लाख. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा लॅपटॉप बंद करून खाली वडापाव खायला गेलो. आता मी ३३ पट धरतो, म्हणजे दोन कोटींच्या आसपास.

आणि आपण सगळे विसरतो ती गोष्ट म्हणजे बाबांना १ फेब्रुवारीपासून पेन्शन सुरू झालं. आपल्याला कोण देणार? खासगी नोकरीत ईपीएसचं पेन्शन असतं, पण दहा वर्षं नोकरी झालेली हवी आणि ते मिळतं ५८ला. पन्नाशीनंतर आधी मागता येतं, पण दर वर्षामागे ४ टक्के कापून. रक्कम तशीही छोटी. ज्येष्ठांची बचत योजना साठीला, व्हीआरएसवाल्यांना पंचावन्नला. बाबा त्रेपन्नचे, त्यांनाही ती लगेच मिळाली नाही. म्हणजे पंचेचाळीस ते साठ ही पंधरा वर्षं तुम्ही सरकारच्या लेखी म्हातारे नसता, कंपनीच्या लेखी कामाचे नसता. सगळं स्वतःच्या खिशातून. मेडिक्लेमसकट.

मग साठपर्यंत घासत राहायचं का? तेही पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या आकड्यांत भारतातलं सरासरी आयुष्य सत्तरच्या आसपास आहे आणि त्यातली धडधाकट वर्षं साठच्या आसपास. हे जन्माच्या वेळचे सरासरी आकडे आहेत, तुमचं-माझं भविष्य नव्हे. पण साठीला मोकळं होऊन गड चढू म्हणणाऱ्याने ते एकदा बघावेत. बाबांनी त्रेपन्न ते छप्पन ही तीन वर्षं काय मजा केली माहितीये? आंब्याला कलमं बांधली, आयुष्यात पहिल्यांदा नमनात काम केलं, देवाचं सोंग घेतलं. ते साठीला जमलं नसतं.

छप्पन म्हणालो कारण २०२३च्या ऑगस्टमध्ये रात्री अकराला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पाऊस, लाइट गेलेली. शेजारच्या दादाने गाडी काढली. इथून रत्नागिरी वीसेक किलोमीटर. तिथे पहिले उपचार झाले आणि सकाळी कोल्हापूरला हलवलं, आंबा घाटातून, शंभरेक किलोमीटर, धुक्यात. मी पुण्याहून निघून थेट कोल्हापुरात पोहोचलो. अँजिओप्लास्टी झाली. बाबा आज ठणठणीत आहेत, आता आतल्या खोलीत बातम्या लावून बसलेत.

पण त्या रात्रीनंतर मी 'कुठे' या शब्दाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. पाली तिठ्यावर आहे. इथून दोन्हीकडे रस्ता लगेच मिळतो. हेच आत पंधरा किलोमीटरवर, समुद्र दिसतो म्हणून घेतलेल्या प्लॉटवर असतो तर? त्या जाहिराती तुम्हालाही येत असतील. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, बिनशेती झालीय का ते आधी बघा, वगैरे आहेच. पण त्याआधी रात्री अकराला तिथून निघून बघा. आणि जागा मे महिन्यात पसंत करू नका. मेमध्ये कोकण सगळ्यांनाच आवडतं. जुलैत या. कपाटातल्या शर्टांना बुरशी, लाइट दोन-दोन दिवस नाही, नेटवर्कसाठी छत्री घेऊन हायवेपर्यंत चालत जायचं, दारात फुरसं. तरीही आवडलं तर तुमचं गाव.

आता आमच्या घराचं. माझ्या शीटमध्ये घराच्या जागेपुढे शून्य रुपये लिहिलेलं, कारण जमीन आपलीच. मागच्या वर्षी सातबारा काढला. सामायिक सातबारा, सत्तावीस नावं. त्यातली नऊ माणसं वारलेली, त्यांची वारस नोंदच नाही. एक कुटुंब बडोद्याला, दोन काका विरारला, एका आत्याचा पत्ता फक्त आजीला माहीत. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे वाटप करून घेता येतं. एकाने जरी नाही म्हटलं तर दिवाणी कोर्ट आणि मग पंचेचाळीस विसरा. म्हणून सध्या मी आजीजवळ फोनचा रेकॉर्डर लावून बसतो. कोण कुणाचा, कुठल्या वाडीत दिली, मुलं किती. ती मध्येच भरकटते, त्या आत्याच्या लग्नातल्या जेवणावर जाते. तुमच्याकडे आजी-आजोबा असतील तर हे काम तुम्हीही याच सुट्टीत करा. ते गेल्यावर सत्तावीसची पन्नास नावं होतात आणि सांगणारं कोणी नसतं.

आईचं काय झालं ते राहिलं. बाबांच्या आजारपणानंतर दोघं पहिल्यांदा नीट बसून बोलले म्हणे. आता ती गणपती उरकले की दिवाळीपर्यंत डोंबिवलीला जाते. घर भाड्याने दिलं नव्हतं, हे नशीब. तिथे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, मंडळाला जाते. बाबा इथे आजीचं पथ्याचं जेवण करतात. डाळ बरी करतात, भाकरी अजून जमत नाही. पालीत असली की आठवड्यातून एकदा आई एकटी एसटीने रत्नागिरीला जाते. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे ना. काय करतेस तिथे विचारलं तर म्हणते, काही नाही, बसते मांडवीला.

आणि मी? मी ही शीट बायकोला दाखवली. ती पुण्यात शाळेत शिकवते. तिने सगळं नीट वाचलं, अगदी महागाईच्या रकान्यापर्यंत, आणि विचारलं, "यात मी कुठेय? तू पंचेचाळीसला थांबशील तेव्हा मी त्रेचाळीसची असेन. मला शाळा सोडायची नाहीये." माझ्याकडे उत्तर नव्हतं. शीटमध्ये तिचा पगार होता, ती नव्हती.

तर सध्या एवढंच ठरलंय की त्या फाइलच्या नावातला ४५ काढलाय. मी कंपनीकडून पावसातले दोन महिने इथून काम करायची परवानगी घेतलीय, तिसरा आठवडा चालू आहे. ती शनिवार-रविवार येते, येताना पुण्याहून डिह्युमिडिफायर घेऊन आली होती, आजीने त्याला देव्हाऱ्याशेजारी जागा दिली. ती म्हणते पन्नाशीनंतर रत्नागिरीत एखादी शाळा मिळते का बघू, पाली नाही, रत्नागिरी. बाबांना ते फारसं आवडलेलं नाही. आई म्हणाली, बरोबर बोलतेय ती.

सोमवारी तलाठ्याकडे जायचंय वारस नोंदींचे कागद घेऊन. आत्याचा पत्ता सापडलाय. तुमच्या घरात असं काही झालं असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. लाइट गेली बघा आत्ताच. लॅपटॉपवर अकरा टक्के बॅटरी आहे. थांबतो.