दुधाच्या कॅनमधील रक्त



मी भाषेचा शिक्षक. रसायनशास्त्र माझा विषय नव्हे, तरी आज एका गोठ्याची हकीकत सांगणार आहे.

अमेरिकेत विस्कॉन्सिन हे दुधाचे राज्य. १९३३ च्या फेब्रुवारीत, शनिवारी, बर्फाच्या वादळात एड कार्लसन नावाचा शेतकरी सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकीत मॅडिसन शहरी आला. गाडीत मेलेली कालवड, कुजका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त. ते रक्त गोठतच नव्हते! सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. तेव्हा विद्यापीठातील शेतकी रसायनशाळेचे उघडे दार पाहून तो आत शिरला. तेथे कार्ल लिंक हे संशोधक भेटले.

जनावरे रक्तस्रावाने मरतात, याचे कारण बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर हा चारा, हे कॅनडातील पशुवैद्य स्कोफिल्ड यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांतच दाखविले होते. लिंक यांनी तेच सांगितले: हा चारा बंद करा, जमल्यास चांगल्या जनावराचे रक्त द्या. औषध नव्हतेच. पण दुसरा चारा विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाला "हा चारा घालू नका" एवढेच सांगून धाडणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांच्या दारी म्हैस आहे त्यांना मी समजावून सांगायला नको.

शेतकरी रिकाम्या हाताने परतला. रक्त मात्र प्रयोगशाळेत राहिले. चाऱ्यातील नेमका विषारी पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती यायला १९३९ साल उजाडले. सहा वर्षे! (चाचणी परीक्षेत एकदा कमी गुण पडले की विज्ञान सोडू म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून घ्यावा.) क्लोव्हरमध्ये मुळातच कुमारिन असते, बुरशीमुळे त्याचे डायकुमारॉल बनते, आणि ते व्हिटॅमिन 'के' चे काम अडविते. मग रक्त गोठत नाही.

याच पदार्थाच्या घराण्यातून वॉरफरिन निघाले. १९४८ साली ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि काही वर्षांतच माणसाचे औषधही झाले. १९५५ साली हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना ते दिले गेले. आपल्या ओळखीत कोणाच्या हृदयात धातूची झडप बसविली असेल, तर ते गृहस्थ बहुधा हीच गोळी घेत असतील आणि वेळोवेळी रक्त तपासून घेत असतील.

आता माझ्या वर्गातील मुलांना एक सांगणे. तुमच्यापैकी कितीतरी जण पहाटे धार काढून शाळेत येता आणि ते सांगायला लाजता. गोठ्यात काही निराळे दिसले, चाऱ्याला वास आला, दूध फाटू लागले, तर त्याचा नमुना बाटलीत घालून आणा. विज्ञानाच्या सरांना मी सांगून ठेवले आहे.