अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट

मुंबईची पहिली बस धावली १५ जुलै १९२६ रोजी, ऐन पावसाळ्यात. कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. चालवणारी कंपनी मात्र वीज आणि ट्रामची होती, बीईएसटी. १९०७ पासून तिच्या विजेच्या ट्राम शहरात धावत होत्या.

सुरुवातीला बस म्हणजे खिशात चार पैसे असणाऱ्यांची चैन. सामान्य माणूस ट्रामनेच जाई, कारण ती स्वस्त.

पण बसला रुळांचं बंधन नव्हतं, तिथेच तिची सरशी झाली. वाढत्या गर्दीसाठी १९३७ मध्ये डबलडेकर आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली. खासगी धंदा नागरिकांचा झाला, आणि या इतिहासातला सर्वांत मोलाचा दिवस तोच.

३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. मग रस्ता लाल बसचाच. कपाळावर मराठी आकडे, आत पंच टकटकवत ‘पुढे चला’ म्हणणारा कंडक्टर.

सप्टेंबर २०२३ मध्ये डिझेलवरची डबलडेकर निवृत्त झाली. तिची विजेवर चालणारी वातानुकूलित बहीण त्याच वर्षी फेब्रुवारीत रस्त्यावर उतरली होती.