यमालाच आपल्या गावात आणू या
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ताईंनी केलेलं भाषण)



आज मी हप्त्यावर नाही, नाटकावर बोलणार आहे. नाटक म्हटलं की आपल्याला शहर अन् तिकीट आठवतं. पण आपल्या जालना जिल्ह्यातल्या माणसांचं एक नाटक सगळ्या महाराष्ट्रात गाजलं, हे किती जणींना ठाऊक आहे?

घनसावंगी तालुक्यातलं जांबसमर्थ आपल्याला रामदास स्वामींचं जन्मगाव म्हणून माहीत. त्याच गावचे राजकुमार तांगडे, शेतकरी माणूस. त्यांनी आधी विजेच्या दुखण्यावर ‘आकडा’ नावाचं नाटक केलं. मग 2012 साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. लेखन तांगडे यांचं, कल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. काम करणारे बरेच जण आपल्याच भागातले, शेतीवर पोट असलेले. तेच 2012-13 दुष्काळाचं वर्ष. मोसंबीच्या बागा वाळत होत्या, अन् इथली माणसं मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर लोकांना हसवत होती.

गोष्ट ऐका. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो. पण महाराजांचे विचार काही त्याच्या हाती लागत नाहीत, ते इथंच राहतात. मग ती पगडी कुणाच्या डोक्याला बसते, हे शोधत बिचारा यम हिंडतो. शेवटी दोन बाजूंत गाण्यांचा सवाल-जवाब रंगतो. खरा शिवाजी कोणता? मिरवणुकीतला, की रयतेची काळजी घेणारा? हा प्रश्न कुणी सभेत विचारला असता तर भांडण झालं असतं. नाटकात यमानं विचारला, म्हणून लोक हसत हसत ऐकत बसले.

ही रीत आपल्याला नवी नाही. शेजारच्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडात हेच केलं. पंचमीला फेर धरून आपणही सासरच्यांची फिरकी घेतोच की! गाण्यात म्हटलं तर सासूबाईसुद्धा हसतात. तेच ओट्यावर बसून म्हटलं तर घर डोक्यावर घेतील.

मग आपणही असं एक छोटं नाटक का करू नये? मला सुचलं ते सांगते. यम एका घरी धन्याला न्यायला येतो. बायको म्हणते, “थांबा देवा, आधी ह्यांच्या नावाचे हप्ते कोण भरणार ते सांगा.” यम वही उघडतो. गटाचं कर्ज, बाहेरच्या फायनान्सचं कर्ज, दुकानातली उधारी. यमालाच घाम फुटतो. मग तो विचारतो, “विम्याची पावती कुठंय?” घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

हसलात ना? पण धनी गेल्यावर दहाव्याच्या आत हप्तेवाला दारात उभा राहिलेला आपल्यापैकी कितीकींनी पाहिलाय. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता 436 रुपये आहे. 18 ते 50 वयात नाव नोंदवता येतं, अन् माणूस गेला तर वारसाला 2 लाख मिळतात. हे आपण बैठकीत किती वेळा सांगितलं, तरी किती घरांत पावती आहे? बैठकीला बाया येतात. नाटकाला धनी पण येईल, सासरा पण येईल.

लोक म्हणतील, “बाया आता तमाशा करणार का?” म्हणू द्या. पहिल्यांदा बँकेत गेलो तेव्हाही म्हणलेच होते.

खर्च फार नाही. एक ढोलकी, टाळ, यमाला काळं घोंगडं, अन् वीस मिनिटांचा खेळ. ज्या ताईला पाठ होत नाही तिनं गाण्यात साथ द्यावी. ओव्या म्हणणाऱ्या आजींना पुढं बसवा, चाली त्यांच्याकडून घ्या. एक गोष्ट मात्र पाळा: गावातल्या कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुण्या गटातल्या बाईचं कर्ज चव्हाट्यावर आणायचं नाही. हसायचं ते परिस्थितीवर, कुणाच्या दुःखावर नाही.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या अन् ठराव लिहा. अन् घरी गेल्यावर आधी आपल्या पासबुकात 436 रुपये कापलेत का, तेवढं बघा. यमाचं काम कुणी करायचं, ते मग ठरवू.