म्हाताऱ्या बैलाचा पाय



लंगडलेल्या बैलाला परत जुंपावं की नाही, याबद्दल आज बोलायचं आहे. तरण्या बैलाचं सोपं असतं. पाय मुरगळला, महिनाभर कोठ्यात बांधला, लेप लावला, चांगलं खाऊ घातलं की तो उभा राहतो. पंचाईत होते ती म्हाताऱ्याची. बारा-तेरा वर्षांचा, घरच्या गाईच्या पोटचा, तास संपल्यावर कुठं वळायचं हे ज्याला सांगावं लागत नाही, असा बैल एक पाय उचलून उभा राहतो, आणि मृग तोंडावर आलेला असतो.

आमचा ढवळ्या असाच होता. राळेगाव तालुक्यात आमचं वावर, मध्ये एक नाला. रोहिणीचा पाऊस पडून गेला होता. शेणखताची बंडी नाल्यातून काढताना त्याचा मागचा डावा पाय घसरला. त्या दिवशी नुसता अडखळला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाय टेकेना. वडिलांनी एकाला बोलावून इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळी ढवळ्या सरळ चालायला लागला. वडील खूश. तिसऱ्या दिवशी त्याला तिफणीला जुंपला. तीन दिवस त्यानं काम केलं, चौथ्या दिवशी दुपारी तासातच बसला. तुतारी टोचूनही उठेना. दोघा-तिघांनी पोटाखाली बल्ली घालून त्याला उभा केला, तेव्हा त्या मागच्या पायाचा सांधा लोट्याएवढा सुजला होता.

झालं काय होतं, तर इंजेक्शननं पाय बरा झालाच नव्हता, फक्त दुखणं कळेनासं झालं होतं. दुखणं हा जनावराचा राखणदार असतो, दुखतं म्हणून ते पाय जपतं. आपण राखणदाराला झोपवलं आणि वर तीन दिवस पेरणी केली. त्या काळी डायक्लोफेनॅक हे औषध सर्रास टोचलं जायचं. पुढं लक्षात आलं की ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आता मेलॉक्सिकॅम देतात, ते गिधाडांना चालतं. पण औषध कोणतंही असो, वेदनाशामक सुरू असताना बैल कसा चालतो यावरून काहीही ठरवू नका. औषधाचा अंमल पूर्ण उतरू द्या आणि मग बघा.

बघायचं कसं? घोड्यावर बसणाऱ्याला हे सोपं जातं. पाय कच्चा पडला की स्वाराच्या कमरेला पहिल्या दहा पावलांत कळतं. आपण बैलाच्या मागून चालतो, आणि बैल एकटा नसतो. जू जोडीदाराच्याही खांद्यावर असतं. दुखऱ्या पायाचा बैल हळूच जोडीदारावर रेलतो, ओढ त्याच्यावर टाकतो, आणि मागून आपल्याला जोडी ठीक चाललेली दिसते. म्हणून जोडीत बघू नका. सोडा, कासऱ्यानं धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी चालवायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा.

पुढचा पाय दुखत असेल तर मानेकडे बघायचं. दुखरा पाय जमिनीला लागतो त्या क्षणी बैल मान वर उचलतो, चांगला पाय पडला की मान खाली जाते. बहुतेक जण उलटं समजतात आणि चांगल्या पायाला लेप लावतात. मी स्वतः एकदा लावलाय. मागचा पाय असेल तर पुठ्ठ्याकडे बघायचं. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. मग त्याला डांबरी रस्त्यावर चालवा आणि लगेच नांगरलेल्या वावरात चालवा. कडक जमिनीवर जास्त लंगडत असेल तर दुखणं बहुतेक खुराकडे आहे. मऊ मातीत जास्त लंगडत असेल तर वर, शिरेत किंवा सांध्यात. खूर असेल तर जीव भांड्यात पडू द्या. खुरात रुतलेला काटा, खडा, वाढलेली नखी यांवर बहुधा उपाय असतो. बैलाच्या खुराचे दोन भाग असतात, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात, चार पायांना आठ. त्यातली एक सैल होऊन खिळा आत गेला, तरी धडधाकट बैल म्हातारा वाटायला लागतो.

सगळ्यात खरी परीक्षा मात्र पहाटे, कोठ्यात. गाय-बैल उठताना आधी मागचा भाग उचलतात आणि पुढच्या गुडघ्यांवर क्षणभर थांबून मग उभे होतात. घोडा नेमका उलटा, पुढचे पाय आधी टाकतो. तेव्हा मागच्या पायाचं दुखणं असलेला बैल सुरुवातीलाच अडतो, दोन-तीनदा झोका घेतो. पुढच्या पायाचं दुखणं असलेला गुडघ्यांवरच रेंगाळतो. काल दोन तास हलकं काम दिलं असेल तर आज पहाटे तो कसा उठला, हे बघा. कामाच्या वेळी बैल अंगातल्या गरमीवर निभावून नेतो. रात्रभर अंग थंड झालं की पाय खरं बोलतो.

एका गोष्टीची गफलत नेहमी होते. काही बैल चालता चालता मागचा पाय एकदम ताठ करतात, तो मागेच अडकतो, खूर जमिनीवर घासत जातं आणि मग झटका देऊन पुढे येतं. सकाळी जास्त, चालल्यावर कमी. कास्तकार म्हणतो, म्हातारा झाला, वात आला, विकून टाकू. हा वात नाही. मागच्या पायाच्या वरच्या सांध्यातली वाटी जागेवरून वर सरकून अडकते. आतल्या बाजूचा तिचा एक पट्टा डॉक्टर जागा बधिर करून कापतात. काही मिनिटांची शस्त्रक्रिया असते, आणि पुष्कळदा बैल तिथंच पाय सरळ टाकायला लागतो. असे बैल बाजारात मातीमोल भावात गेलेले मी पाहिलेत, आणि दुसऱ्याच्या दावणीला जाऊन चार-पाच वर्षं राबलेलेही पाहिलेत. तालुक्याला दवाखाना आहे, आणि एक-नऊ-सहा-दोन या नंबरवर फोन केला तर फिरत्या पथकाची मदत मागता येते. विकायच्या आधी एकदा दाखवा.

आता वय. आदत, दोन दाती, चार दाती करत साडेचार-पाच वर्षांत बैल जुळतो. त्यानंतर दात झिजत जातात, म्हणजे दात पाहून नेमकं वय सांगणारा दलाल अंदाजच सांगत असतो. पण म्हाताऱ्या बैलाचं तोंड उघडून बघा जरूर. दुखापतीनंतर तो खंगतो तेव्हा आपण दोष पायाला देतो. कित्येकदा दाढा झिजलेल्या असतात आणि कडबा चावला जात नाही. त्याला बारीक कुटार आणि भिजवलेली सरकी ढेप द्या. दीड-दोन महिन्यांत अंग भरलं तर पायही सावरतो, कारण सांध्याला धरून ठेवायला मांस लागतं.

समजा, पाय बराचसा सुधारला. तरी बैल चालेल की नाही, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या कामाला चालेल, हे विचारा. बैल दिवसभर साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी ओढ टिकवून धरतो. चारशे किलोच्या बैलाला चाळीस किलो. नांगर याच्या पुढं जातो, आणि चिकट काळ्या मातीत तर फारच. पण नांगरणी आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरच करतो. आपल्या जिल्ह्यात बैल उरलाय तो मुख्यतः डवरणीला, कपाशीच्या दोन ओळींत जिथं ट्रॅक्टर शिरत नाही तिथं. डवऱ्याची ओढ हलकी असते. बऱ्या झालेल्या म्हाताऱ्याला डवऱ्यावर ठेवा, बंडीला नको. नाल्यातून चढ चढणारी भरलेली बंडी तर नकोच.

जुन्या लोकांची एक युक्ती होती, ती आता कुणी करताना दिसत नाही. जुवाला दांडी जिथं बांधतात ती मधली जागा चार बोटं ताकदवान बैलाकडे सरकवायची. मग कमजोर बैलाकडचा हात लांब होतो आणि त्याच्यावरची ओढ कमी होते. लहान मुलांच्या सी-सॉवर जड पोरगं मधल्या टेकूजवळ सरकून बसतं, तसंच. पण जोडीदारावर भार वाढतो हे विसरू नका. त्याचाही खांदा तपासत राहा.

खांद्यावरून आठवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी. गरम तूप-हळदीनं खांदा चोळताना बोटांना सगळं कळतं. एका खांद्याचं मांस दुसऱ्यापेक्षा उतरलंय का, गाठ आहे का, कातडी कडक झालीय का. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देता देता आपले आजे-पणजे वर्षभराची तपासणी करत होते, असं मला वाटतं. आता बरेच जण वरवर हात फिरवतात आणि फोटो काढतात. खांद्याच्या गाठीवर परत परत जखम होत असेल, तर तो बैल पायानं कितीही चांगला असला तरी जुवाखाली घालू नये. तसंच नुसतं मोकळं चालतानाही दोन महिन्यांनंतर लंगडणारा आणि पहाटे उठायला मदत लागणारा. यांच्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कायद्याच्याही मनात नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा म्हणतो की वय, आजार, जखम यांमुळे कामाला नालायक झालेल्या जनावराकडून काम करून घेणं हा गुन्हा आहे. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसाला एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. यवतमाळचा उन्हाळा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा शेवटचा नियम किती दिवस लागू होतो ते कळेल. हे नियम शंकरपटाची जोडी पाळणाऱ्यांनी तर भिंतीवर लावावेत. पटाच्या बैलाचं लंगडणं लपवण्यात जेवढी हुशारी खर्च होते, तेवढी डॉक्टरकडे नेण्यात झाली असती तर बरं होतं.

आणि मग खर्चाचं. २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. काम न करणाऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलेलं नाही. म्हणजे बसवलेला बैल पाच-सहा वर्षं दावणीला खाणार, आणि नव्या बैलाचे पैसेही काढावे लागणार. ज्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे त्याला मी इथं बसून दयेचे पाठ देणार नाही. एवढंच सांगेन की हा निर्णय मृगात घेऊ नका. आभाळ भरलेलं असताना, शेजाऱ्याची तिफण चालू असताना कुणालाही आपला बैल धडधाकटच दिसतो. माझ्या वडिलांनाही दिसला. हा निर्णय फाल्गुन-चैत्रात घ्या. कापूस घरी आलेला, वावर रिकामं, बैल महिनाभर मोकळा फिरलेला. त्याला हलक्या वखराला दोन तास जुंपा, दुसऱ्या दिवशी पहाटे कंदील नाहीतर मोबाइलचा उजेड घेऊन कोठ्यात जा, आणि उठताना बघा. नाही जमलं तर हाताशी दोन-अडीच महिने असतात. सावड करायला माणूस शोधता येतो, त्याचा एक बैल, आपला एक बैल, चार दिवस त्याच्याकडे, चार दिवस आपल्याकडे.

आम्ही ढवळ्याला त्यानंतर जुंपला नाही. जोडीदार पवळ्या उरला. त्याला कायम उजव्या बाजूची सवय, आणि सावडीत मिळालेला बैलही उजव्याच बाजूचा. दोघांनी डवऱ्यावर एकमेकांना ढकलत दोन ओळी मोडल्या. शेवटी पवळ्याला डावीकडे चालायला शिकवलं, त्यात आषाढाचा पहिला आठवडा गेला. ढवळ्या तेव्हा धुऱ्यावर बांधलेला असायचा. त्या वर्षी आमची डवरणी सगळ्या गावाच्या मागून झाली, आणि खालच्या वावरात गवत कपाशीच्या वर गेलं.