वहाणा बांधावर



आषाढी जवळ आली की तुकोबांची पालखी बारामती सोडून इंदापूरच्या वाटेला लागते. वाटेत काटेवाडी येते. तिथं परीट समाजाची मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखी त्यांवरून पुढे जाते. धनगर आपली मेंढरं घेऊन येतात आणि ती मेंढरं पालखीभोवती रिंगण धरतात. हा सोहळा बघायला गर्दी लोटते. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रं येतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण ती विसरतो.

पण या दोन्ही रिवाजांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हार आणि नारळ कुणीही दुकानातून विकत आणू शकतो. परिटानं मात्र घाटावर घासून, आपटून, पिळून ज्या कापडाशी आयुष्य काढलं, तेच कापड देवाच्या वाटेवर टाकलं. धनगरानं ज्या कळपाच्या काळजीपायी रानात रात्री काढल्या, तोच कळप आणून उभा केला. मेंढरांची रोगराई टळावी, ही त्यामागची त्याची श्रद्धा. मोक्ष वगैरे त्यानं मागितलेला नाही. आपली जनावरं धड राहोत, एवढंच मागणं आहे.

देवाकडे जायचं तर संसार, धंदा, हिशेब बाहेर ठेवून जावं, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. 1685 मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी ही पालखी सुरू केली. तेव्हापासून ती ज्या गावांतून चालत आली, तिथल्या माणसांनी वेगळीच रीत पाडली. देव दारावरून जातोय ना, मग आपला धंदा घेऊनच त्याच्यापुढे जायचं.

काटेवाडीहून सणसर, बेलवाडी, अंथुर्णे असं करत पालखी निमगाव केतकीत येते. हे गाव विड्याच्या पानांचं. इंदापूर तालुका तसा कोरडा. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा, दोघींचा संगम खाली नीरा नरसिंहपूरला. आणि मधल्या रानात पाऊस मात्र बेताचा. अशा मुलखात नागवेलीसारखं नाजूक पीक घ्यायचं म्हणजे सगळीच उलटी गंगा. या वेलीला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, पाणी तुटलेलं चालत नाही, आणि साचलेलं तर मुळीच चालत नाही. म्हणून आधी शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा अशी झाडं लावायची. त्यांच्या सावलीत वेल लावायचा, तो जसजसा चढेल तसतसा झाडाला बांधत जायचा. वेल हाताबाहेर उंच गेला की तो उतरवायचा, खालचा पान नसलेला भाग गुंडाळून मातीत पुरायचा, म्हणजे शेंडा पुन्हा नव्यानं चढायला लागतो. खुडणी एकेका पानाची, देठासकट, अंगठ्याला लोखंडी नख लावून. मग पानं निवडायची, एकावर एक रचून त्यांच्या कवळ्या बांधायच्या आणि बाजाराला पाठवायच्या.

आपल्याकडच्या जुन्या पानमळ्यांचा एक दंडक आहे. मळ्यात वहाणा घालून जायचं नाही. मालक असो, मजूर असो, पानं बघायला आलेला व्यापारी असो, वहाणा बांधावर काढायच्या. का, म्हणून विचारलं तर जुनी माणसं सांगतात की नागवेल ही देवता आहे. शेतीशास्त्राचं पुस्तक उघडलं तर त्यात मर रोगाचं नाव निघतं. हा रोग मातीतून येतो आणि मुळाशी वेल कुजवतो. दुसऱ्या रानातला चिखल मळ्यात येऊ न देणं हा त्यावरचा एक साधा उपाय. यातलं खरं कारण कुठलं, असा वाद घालायचं मला काही कारण दिसत नाही. ज्याला वेल देवता वाटते त्याचा पाय आपोआप जपून पडतो. आणि वर्षानुवर्षं जपून पाय टाकत आलेल्याला वेल देवता वाटू लागली, तर त्यातही नवल नाही.

अध्यात्म या शब्दाची आपल्याला उगाच धास्ती वाटते. मला त्याचा अर्थ या मळ्यात सापडतो तेवढा पुरतो. आपल्यापुढे जे आहे ते आपल्यापेक्षा नाजूक आहे, आपल्या भरवशावर आहे, हे पायाला कळणं.

भीमेच्या पलीकडे, माढा तालुक्यात, अरण नावाचं गाव आहे. सावता माळी तिथले. 1295 मध्ये त्यांनी देह ठेवला असं परंपरा सांगते. पंढरपूर काही लांब नाही, पण सावतोबा मळा सोडून वारीला गेले नाहीत. आपल्या भाजीपाल्यातच त्यांना विठाई दिसली. म्हणून देवच त्यांना भेटायला मळ्यात आला, अशी कथा आहे. ती कथा वारकऱ्यांनी नुसती सांगितली नाही, चालवली. बाकीच्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात. अरणला मात्र पांडुरंगाचीच पालखी येते. ज्या संप्रदायाचा सगळा डोलारा चालण्यावर उभा आहे, त्यानं न चालणाऱ्यालाही एवढा मान दिला. याला मन मोठं लागतं.

पण इथं थोडं सावध राहायला हवं. काम हीच पूजा, हे वाक्य सावलीत बसलेल्या माणसाच्या तोंडून फार सहज निघतं. दिवसभर मान वर करून शिडीवर खुडणी करणाऱ्याला ते ऐकवणं सोपं आहे. त्याची मजुरी वेळेवर देणं हे त्याहून अवघड आणि जास्त पुण्याचं. सावतोबांचा हात स्वतः मातीत होता, म्हणून त्यांचं म्हणणं खरं ठरलं. मालकाच्याही पायात वहाणा नसतील, तरच मजुराच्या अनवाणी पायांना अर्थ आहे.

दुसरी गोष्ट आणखी अवघड. जुन्या मळ्यांतून आणखी एक दंडक सांगितला जाई. पाळीच्या दिवसांत बाईनं मळ्यात पाऊल टाकायचं नाही, वेल सुकतो. इथं मात्र मी जुन्या माणसांच्या बाजूला उभा राहणार नाही. चिखलाच्या वहाणेनं रोग येतो, बाईच्या पावलानं येत नाही. आणि शास्त्राचंही राहू द्या, आपल्या संतांचंच घ्या. मंगळवेढ्याच्या चोखोबांची बायको सोयराबाई. विटाळ विटाळ म्हणून दूर सारणाऱ्यांना तिनं तेव्हाच अभंगांतून विचारलं होतं की देहातूनच जन्मलेली माणसं देहाला अपवित्र कशी म्हणतात. या प्रश्नाला सात शतकांत कुणाला उत्तर देता आलेलं नाही. वारकरी परंपरेचा वारसा सांगायचा तर तुकोबांच्या पालखीबरोबर सोयराबाईचा हा प्रश्नही गावात मुक्कामाला उतरवून घ्यायला हवा.

श्रोते हो, आपल्यापैकी बहुतेकांचा पानमळा नाही, मेंढरं नाहीत. कुणी कचेरीत फायली हलवतं, कुणी एसटी चालवतं, कुणी रुग्णालयात रात्रपाळी करतं, कुणी चार घरचा स्वयंपाक करतं. काटेवाडीच्या परिटाचा प्रश्न या प्रत्येकाला लागू पडतो. पालखी दारावरून जायची असेल, तर आपल्या रोजच्या कामातलं काय तिच्या वाटेवर अंथरता येईल? अर्ज घेऊन आलेल्या म्हातारीला तिसरी खेप न पडू देणं अंथरता येईल. हात दाखवणाऱ्या एकट्या बाईसाठी अंधाऱ्या फाट्यावर थांबवलेली गाडी अंथरता येईल. कंटाळा आलेला असतानाही नीट बदललेली मलमपट्टी अंथरता येईल.

धोतर आधी स्वच्छ धुतलेलं असेल, तरच त्याची पायघडी होते. ते धुण्याचं काम एकादशीला होत नाही. ते रोजचं आहे, आणि आजचं अजून उरलेलं आहे.